व्यक्तिकेंद्रित ऑनलाइन समुपदेशन : पहिल्या फोनपासून शेवटच्या सत्रापर्यंत

माणसात मानसिक बदल घडून येण्यासाठी कोणत्या गोष्टी आवश्यक आणि पुरेशा असतात, हे व्यक्तिकेंद्रित समुपदेशनाचे प्रवर्तक, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली एका शोधनिबंधात सहा अटींच्या रूपाने मांडले. समुपदेशनाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांना त्यांपैकी तीन अटी तोंडपाठ असतात : समुपदेशकाचा खरेपणा, समोरच्या व्यक्तीचा विनाअट स्वीकार आणि समानुभूती. उरलेल्या तीन परीक्षा झाली की मागे पडतात. दोन माणसांमध्ये मानसिक संपर्क असला पाहिजे, ही पहिली. मदतीसाठी आलेली व्यक्ती आतून विसंगतीच्या आणि अस्वस्थतेच्या अवस्थेत असते, ही दुसरी. समुपदेशकाचा स्वीकार आणि समानुभूती त्या व्यक्तीला निदान काही प्रमाणात जाणवली पाहिजे, ही सहावी.

एका खोलीत समोरासमोर बसल्यावर पहिली आणि सहावी अट बरीचशी आपोआप पाळली जाते. दार उघडून आत घेणे, खुर्ची पुढे करणे, पाण्याचा पेला समोर ठेवणे, रडू आल्यावर काही न बोलता थांबणे, या सगळ्यांतून स्वीकार पोहोचत असतो. पडद्यावर यातले काहीच उरत नाही. समुपदेशकाच्या मनात समानुभूती भरपूर असते, पण ती तुटक आवाजात आणि खाली झुकलेल्या नजरेत अडकून पडते, आणि पलीकडच्या व्यक्तीला वाटते की आपले बोलणे नुसते ऐकून घेतले जात आहे. म्हणून पुढची प्रत्येक पायरी दोन प्रश्नांवर तपासून घ्यावी. या कृतीमुळे आपले समजून घेणे त्या व्यक्तीपर्यंत पोहोचेल का? आणि सत्रावरचा तिचा ताबा वाढेल का?

पहिला फोन

सत्राची वेळ देण्याआधी पंधरा-वीस मिनिटांचे एक विनाशुल्क संभाषण ठेवावे. अडचण काय आहे याची सविस्तर चौकशी या संभाषणात करू नये. ऑनलाइन पद्धत या व्यक्तीला सोयीची आणि सुरक्षित आहे का, एवढेच दोघांनी मिळून पाहावे. ती कोणत्या गावातून बोलते आहे, घरात कोण कोण असते, तिचा फोन दुसरे कोणी हाताळते का, मानसोपचारतज्ज्ञांची औषधे चालू आहेत का, आणि अलीकडे जीव नकोसा वाटण्याचे विचार येत आहेत का, हे प्रश्न सरळ शब्दांत विचारावेत. आत्महत्येविषयी विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. उलट, कोणीतरी स्पष्ट विचारले याने बहुतेकांना सुटल्यासारखे वाटते.

याच वेळी आणखी एक छोटा प्रश्न विचारावा : “मी तुम्हाला कसे संबोधू?” कोणाला नावापुढे ताई लावलेले आवडते, तर कोणाला त्याच संबोधनात सासरचे सगळे नाते ऐकू येते. कॉलेजातल्या मुलाला “तुम्ही” परके वाटू शकते, पण न विचारता “तू” म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. निवड त्याची असावी.

काही परिस्थितींत केवळ ऑनलाइन काम पुरेसे नसते. घरात मारहाण होत असून फोन मारणाऱ्याच्या ताब्यात असेल, भास किंवा भ्रम तीव्र असतील, दारू अचानक सोडल्याने हातपाय थरथरत असतील, किंवा आत्महत्येची योजना ठरलेली असेल, तर प्रत्यक्ष वैद्यकीय मदत आधी हवी. तरीही “हे माझ्या कक्षेत बसत नाही” असे सांगून फोन ठेवून देणे मला मान्य नाही. तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या माणसाला सगळ्यात जवळचा मानसोपचारतज्ज्ञ जिल्हा रुग्णालयातच भेटतो, आणि तिथवर जाण्याचे बळ येईपर्यंत आठवड्यातून एकदा बोलणारे कोणी असणे हाही आधार असतो. अशा वेळी उपचार तिथे आणि सोबत इथे, अशी विभागणी सर्वांना सांगून करावी.

समुपदेशकाने आपली मर्यादाही याच फोनवर सांगावी. औषधे लिहून देण्याचा अधिकार आपल्याला नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणवून घेण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि ती नसेल तर तसे भासवू नये. केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये काढलेली टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत. ओळख पटवणे, संमती घेणे आणि नोंदी ठेवणे यांबाबत ती आपल्यालाही उपयोगी पडतात, पण त्यांचा हवाला देऊन आपण डॉक्टरांच्या पंक्तीत बसत नाही.

संमती

संमतीपत्राची लिंक पाठवून, खाली खूण करून घेऊन मोकळे होण्याची पद्धत रूढ झाली आहे. ती कायद्यापुरती ठीक असेल, पण व्यक्तिकेंद्रित कामाची सुरुवात अशी होऊ शकत नाही. पत्र आधी पाठवावे, सोप्या मराठीत आणि शक्यतो दोन पानांत बसेल असे, आणि पहिल्या सत्रातली दहा मिनिटे त्यावर बोलावे. “यातले कुठले वाक्य खटकले?” असा प्रश्न विचारला की लोक खरे बोलतात.

पत्रात शुल्क, सत्राची लांबी आणि रद्द करण्याचा नियम असतोच. त्याखेरीज नोंदी कुठे ठेवल्या जातात, किती काळ ठेवल्या जातात आणि त्या कोण पाहू शकते हे लिहावे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या कायद्याने माहिती कशासाठी घेतली जाते हे कळण्याचा आणि दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क व्यक्तीला दिला आहे, म्हणून तो हक्कही शब्दांत सांगावा. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आणि त्याचे अपवाद दिलेले आहेत. जिवाला धोका असणे, दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता असणे आणि न्यायालयाचा आदेश असणे हे त्यांतले नेहमी लागू पडणारे अपवाद होत. समुपदेशकाने स्वतःच्या नियमांसाठी तीच चौकट धरावी. अठरा वर्षांखालील मुलांशी काम करताना पालकांची संमती लागते, पण मुलाने सांगितलेले पालकांना किती सांगायचे हे तिघांनी मिळून पहिल्याच दिवशी ठरवावे. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार कळवणे बंधनकारक आहे. हे आधी न सांगता नंतर कळवले, तर त्या मुलाचा विश्वास तुटतो आणि तो परत जुळणे फार कठीण असते.

संमतीत तीन व्यावहारिक गोष्टी अवश्य असाव्यात : व्यक्तीचा त्या वेळचा पूर्ण पत्ता, संकटात फोन करता येईल अशा एका माणसाचा क्रमांक, आणि त्याला आपण नेमके काय सांगणार याची ठरलेली ओळ. पत्ता प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला विचारावा लागतो, कारण नोंदीतला पत्ता पुण्याचा असतो आणि माणूस त्या दिवशी साताऱ्याला मामाकडे गेलेला असतो.

जागा

आपल्या कक्षाचे दार बंद करणे आपल्या हातात असते, तिच्या घराचे नसते. मराठी घरांत एकांत ही सहज मिळणारी वस्तू नाही. वन रूम किचनमध्ये पाच माणसे राहतात, आजोबांचा पलंग हॉलमध्ये असतो, आणि दार लावून घेतले की “आतून कडी का लावली?” असा प्रश्न येतो. त्यामुळे “शांत, खाजगी जागेत बसा” ही सूचना बहुतेकांसाठी निरुपयोगी ठरते. जागा शोधणे हे पहिल्या सत्रातले काम समजून ते सोबत करावे.

लोक जे मार्ग काढतात ते ऐकण्यासारखे असतात. कोणी इमारतीच्या खाली उभ्या केलेल्या गाडीत बसते, कोणी गच्चीवर जाते, कोणी मुले शाळेत आणि सासूबाई भजनाला गेल्याची वेळ निवडते, कोणी कार्यालयातल्या रिकाम्या बैठक खोलीत बसते, कोणी शेताच्या बांधावर. यातला कोणताही मार्ग समुपदेशकाने हिणवू नये. गाडी चालू स्थितीत नको आणि उन्हात काचा बंद करून नको, एवढीच अट घालावी. दाराबाहेर पंखा लावून ठेवणे, रेडिओ मंद आवाजात चालू ठेवणे, कान झाकणारे हेडफोन वापरणे, यांनी बोलणे बाहेर ऐकू जाण्याचे प्रमाण बरेच कमी होते. हेडफोन लावल्यावर निदान समुपदेशकाचा आवाज खोलीत पसरत नाही, आणि पुष्कळदा तेवढ्यानेही भागते, कारण घरच्यांना ऐकू जाणारी बाजू एकच असते आणि ती कशी बोलायची हे त्या व्यक्तीच्या हातात असते.

कोणी अचानक आत आले तर काय करायचे, हे आधी ठरवून ठेवावे. एखादे निरुपद्रवी वाक्य संकेत म्हणून ठरवता येते, उदाहरणार्थ “ती फाइल मी उद्या पाठवते.” ते ऐकताच समुपदेशकाने कामाचे बोलणे सुरू करावे किंवा गप्प राहावे, आणि विषय पुन्हा काढण्याचा निर्णय तिच्यावर सोडावा. जिथे भीती खरी आहे, म्हणजे हिंसा आहे किंवा पाळत आहे, तिथे दुसरा संकेत हवा, ज्याचा अर्थ “आता थेट मदत बोलवा” असा असेल.

फोनमधल्या खुणांचाही विचार करावा. यूपीआयने शुल्क भरले की समुपदेशन केंद्राचे नाव खात्याच्या पासबुकात उमटते, आणि ते खाते नवऱ्याबरोबर संयुक्त असू शकते. अनोळखी क्रमांकाचे नाव दाखवणाऱ्या ॲपवर आपला क्रमांक “समुपदेशक” म्हणून झळकत असतो. भेटीची आठवण करून देणारा संदेश कुलूपबंद पडद्यावरही वाचता येतो. म्हणून संदेशात “उद्या ५ वाजता” एवढेच लिहावे, आणि पैसे कोणत्या नावाने व कोणत्या मार्गाने भरणे सोयीचे आहे ते विचारून घ्यावे. मला विचाराल तर भारी सॉफ्टवेअर घेण्यापेक्षा या बारीक चौकशीने गोपनीयता जास्त राखली जाते.

यंत्रांची मांडणी

कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर असावा. लॅपटॉपखाली पुस्तकांची चळत ठेवली तरी काम होते. कंबरेपासून वर दिसेल इतके मागे सरकून बसावे, म्हणजे हात दिसतात आणि चेहरा अंगावर आल्यासारखा वाटत नाही. प्रकाश समोरून हवा, खिडकी पाठीमागे नको. स्वतःचे चित्र दाखवणारी चौकट बंद करावी आणि ती कशी बंद करायची हे पलीकडच्या व्यक्तीलाही दाखवावे. रडताना स्वतःचाच चेहरा समोर दिसत राहिला की माणूस रडणे आवरते घेतो. पार्श्वभूमी धूसर करण्याची सोय तिने वापरली तर हरकत नाही. आपण मात्र शक्यतो खरी खोली दिसू द्यावी, कारण मागे कोणी नाही हे तिला डोळ्यांनी पाहता येते.

आवाजाकडे चित्रापेक्षा जास्त लक्ष द्यावे. बैठकांसाठी बनवलेली ॲप्स पार्श्वभूमीचा गोंगाट गाळतात, आणि त्या गाळणीत उसासे, हुंदके, लांब श्वास हेही निघून जातात, कारण यंत्राच्या दृष्टीने ते बोलणे नसते. म्हणून आवाज गाळण्याची पातळी सेटिंगमध्ये जाऊन कमीत कमी ठेवावी. आवाज एका बाजूने दुसरीकडे पोहोचायला दीडशे मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागू लागला की संभाषणाची लय बिघडू लागते आणि दोघे एकाच वेळी बोलू लागतात. त्यावर उपाय म्हणजे वायफायच्या जवळ बसणे, शक्य असेल तर तार जोडणे, आणि तरीही विलंब राहिला तर स्वतः सावकाश बोलणे. तासाभराच्या व्हिडिओला अर्धा जीबी किंवा त्याहून अधिक डेटा लागतो. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर घर चालवणाऱ्या माणसाला हे आधी सांगावे.

संपर्क तुटला तर कोणी कोणाला फोन करायचा, हे लिहून ठेवावे. समुपदेशकाने साध्या कॉलवर तीन मिनिटांत फोन करावा, असा नियम बरा. दोघेही एकमेकांना फोन लावत बसले की दोघांनाही फोन व्यस्त लागतो, आणि आधीच बेचैन असलेल्या माणसाला टाकून दिल्यासारखे वाटते.

प्रत्यक्ष सत्र

सुरुवातीला “आज कुठे आहात, आणि मोकळेपणी बोलता येईल ना?” एवढे विचारून गप्प व्हावे. मागच्या वेळचा धागा आपण पुढे करू नये. कुठून सुरू करायचे ते तिने ठरवायचे आहे.

नजरेचा प्रश्न नव्यांना फार सतावतो. पडद्यावरच्या चेहऱ्याकडे पाहिले तर आपल्याला ती दिसते, पण तिला आपली नजर खाली गेलेली दिसते, आणि कॅमेऱ्याच्या भिंगाकडे पाहिले तर याच्या उलट घडते. व्हिडिओची चौकट लहान करून कॅमेऱ्याच्या अगदी खाली आणावी आणि थोडे लांब बसावे, म्हणजे हा फरक कमी होतो. ऐकताना चेहरा पाहावा, आणि जे वाक्य तिच्यापर्यंत पोहोचलेच पाहिजे ते भिंगाकडे पाहून बोलावे. टिपणे काढत असल्यास तसे सांगावे, नाहीतर आपण दुसरे संदेश वाचत आहोत असा समज होतो. खोलीत आपण सहज “हं, हं” करतो. ऑनलाइन या हुंकारांमुळे कित्येकदा तिचाच आवाज मध्ये कापला जातो. म्हणून मान जरा ठळकपणे हलवावी आणि शब्द तिच्या थांबण्यापर्यंत राखून ठेवावेत.

यापुढचे काम समानुभूतीचे. शरीराने जे पोहोचले असते ते आता वाक्यांतून पोहोचवावे लागते, त्यामुळे प्रतिसाद थोडे अधिक वेळा आणि थोडे अधिक नेमके द्यावे लागतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक बाई म्हणतात, “सासूबाई काही बोलत नाहीत हो, पण ताट वाढताना जे तोंड करतात ना…” इथे “तुम्ही त्यांच्याशी मोकळेपणी बोलून पाहिलंत का?” असे विचारणे म्हणजे त्यांच्या अनुभवातून बाहेर पडून उपायाकडे पळणे होय. “तुम्हाला राग येतो” हेही ढोबळ झाले. “शब्द एकही नाही, पण ताटावर बसलं की आपण इथे नको आहोत असं वाटतं, असं काही?” असे विचारले, तर त्या कदाचित म्हणतील, “नको असं नाही… मोजलं जातंय असं वाटतं. किती पोळ्या घेतल्या ते.” आपला अंदाज चुकला आणि त्यांनी दुरुस्त केला. ही दुरुस्ती मोलाची आहे, कारण तिच्यातूनच नेमकी जाणीव वर आली. म्हणून प्रतिसादाच्या शेवटी दार उघडे ठेवावे : “असं काही?”, “की वेगळं आहे?” पडद्यावर समोरच्याची सूक्ष्म नापसंती दिसत नाही, तेव्हा ही विचारणा टाळून चालत नाही.

युजीन जेंडलिन यांनी शरीरात उमटणाऱ्या अस्पष्ट जाणिवेकडे लक्ष देण्याची रीत रॉजर्स यांच्याबरोबर काम करताना विकसित केली. तिचा ऑनलाइन चांगला उपयोग होतो. आपल्याला तिचे पाय, पोट, आवळलेली मूठ दिसत नाही. तिला ते जाणवते. “हे सांगताना आत कुठे काही होतंय का?” असा साधा प्रश्न आपल्याला न दिसणारा अर्धा देह संभाषणात आणतो.

शांततेचे काय करायचे? खोलीत शांतता भरलेली असते. फोनवर ती बिघाडासारखी वाटते. पहिल्याच सत्रात सांगून ठेवावे, “मी गप्प असेन तेव्हा मी इथेच असेन, आणि तुम्हालाही गप्प बसायला इथे मोकळीक आहे.” मग मध्येच हळू आवाजात “आहे मी” म्हटले तरी पुरते. शांतता फार लांबली आणि संपर्क सुटल्यासारखा वाटला, तर गॅरी प्राउटी यांच्या संपर्क-प्रतिसादांची आठवण ठेवावी. तीव्र मनोविकार किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या ज्या व्यक्तींशी संपर्कच जुळत नाही, त्यांच्यासाठी प्राउटी यांनी ही पद्धत घडवली. त्यात समोर जे आहे तेवढेच साध्या शब्दांत म्हणायचे असते : “बाहेर पाऊस लागलाय.” “तुम्ही खिडकीकडे पाहताय.” “हात गालावर आहे.” किंवा तिचाच शेवटचा शब्द जसाच्या तसा पुन्हा म्हणायचा. अर्थ लावायचा नाही. पडद्यापुढे हरवलेल्या माणसाला या साध्या वाक्यांनी परत येता येते.

खरेपणाची कसोटी ऑनलाइन एका क्षुल्लक प्रसंगात लागते. आवाज तुटतो, वाक्य ऐकू येत नाही, आणि समुपदेशक ओघ मोडू नये म्हणून समजल्यासारखी मान हलवतो. हे करू नये. ऐकलेले नसताना ऐकल्याचा चेहरा करणे हा लहानसा खोटेपणा असला, तरी सहाव्या अटीवरच घाव घालणारा आहे. मात्र “परत सांगा” म्हणण्याचीही रीत असते. एखादी व्यक्ती अनेक वर्षे न बोललेली गोष्ट सांगत असेल, तर ती सगळी पुन्हा सांगायला लावणे क्रूर ठरते. “‘त्या रात्री मी काकांकडे’ इथपर्यंत ऐकू आलं, पुढचं तुटलं, आणि मला ते ऐकायचं आहे,” असे म्हणावे. तिला एकच वाक्य पुन्हा सांगावे लागते, आणि आपण कुठवर सोबत होतो हेही कळते.

सल्ला मागितला जातोच. आपल्याकडे समुपदेशक म्हणजे चार गोष्टी सांगणारा वडीलधारा माणूस, अशी समजूत आहे, आणि शुल्क देऊन “मग मी काय करू ते सांगा” म्हणणाऱ्याचे काही चुकत नाही. त्याला “निर्णय तुमचा आहे” असे कोरडे उत्तर दिले तर ते नाकारल्यासारखे लागते. आधी त्या मागणीमागचा थकवा ओळखावा : “दुसऱ्या कोणीतरी ठरवून द्यावं, इतकं याने दमवलंय तुम्हाला.” बहुतेक वेळा इथून बोलणे पुढे सरकते. माहिती मागितली तर माहिती द्यावी. कौटुंबिक हिंसेविरुद्धचा कायदा काय आहे, मोफत कायदेशीर मदत कुठे मिळते, मानसोपचारतज्ज्ञांकडे गेल्यावर साधारण काय होते, हे सांगणे अनिर्देशक भूमिकेला, म्हणजे दिशा त्या व्यक्तीलाच ठरवू देण्याच्या भूमिकेला, सोडून नाही. माहिती दडवून ठेवणे हेदेखील एक प्रकारचे नियंत्रणच आहे.

शेवटची दहा मिनिटे राहिली की तसे सांगावे. दवाखान्यातून घरी जाईपर्यंतचा रस्ता माणसाला सावरायला उपयोगी पडत असतो. ऑनलाइन सत्र संपताच ती दोन पावलांवर स्वयंपाकघरात असते आणि कोणीतरी चहा मागते. त्या दहा मिनिटांत जड विषय उघडू नये, आणि सत्रानंतरचा थोडा वेळ ती कुठे व कसा काढणार हे विचारावे. कॉल बंद करण्याचे बटण तिला दाबू द्यावे.

केवळ आवाज, केवळ मजकूर

व्हिडिओ श्रेष्ठ आणि फोन दुय्यम, ही उतरंड मला पटत नाही. लाजेच्या गोष्टी, विशेषतः पुरुषांच्या लैंगिक अडचणी आणि कर्जाची गोष्ट, अंधारात बोलल्यासारख्या फोनवर सहज निघतात. कॅमेरा बंद ठेवण्याची मुभा कायम असावी आणि तिचे कारण मागू नये. एवढेच सांगावे, “तुम्ही दिसत नसताना माझा अंदाज चुकू शकतो, तेव्हा मी जास्त वेळा विचारेन.”

मजकुरातून समुपदेशन करायचे असेल तर त्यासाठी ठराविक वेळ ठेवावी आणि दिवसभर येणाऱ्या संदेशांशी त्याची गल्लत होऊ देऊ नये. रात्री साडेअकराला आलेल्या संदेशाला कधी उत्तर द्यायचे आणि कधी नाही, हे मूडवर सोडले तर व्यक्तीला आपला स्वीकार लहरी वाटू लागतो.

संकटाची वेळ

जिवाला धोका आहे असे वाटले की नियम बदलतात, आणि ते बदलणार हे संमतीत आधीच लिहिलेले असते. कॉल चालू ठेवावा. त्या क्षणी ती कुठे आहे याची खात्री करून घ्यावी. दुसऱ्या फोनवरून, तिला सांगूनच, ठरलेल्या माणसाला बोलवावे. गरज पडली तर ११२ वर फोन करावा. केंद्र सरकारची टेलिमानस ही फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येते. तो पहिल्याच सत्रात व्यक्तीच्या फोनमध्ये, हवे तर दुसऱ्या नावाने, साठवायला सांगावा. घरातली औषधे आणि शेतीच्या घरात फवारणीची औषधे विश्वासू माणसाच्या ताब्यात देऊन घराबाहेर ठेवावीत, हे स्पष्ट सांगावे.

पोलिसांच्या भीतीने घरचे अनेकदा मदत टाळतात. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला उपचार देणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ ज्या रूपात होते, ते १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नाही. हे दोन मुद्दे समुपदेशकाला नीट सांगता आले पाहिजेत.

या घाईतही व्यक्तीला विचारता येईल असे काही उरतेच. भावाला बोलवायचे की शेजारच्या काकूंना, त्यांना काय सांगायचे, दार कोणी उघडायचे, हे तिला विचारावे. निर्णयाचे क्षेत्र आकसले तरी ते शून्यावर येऊ देऊ नये.

परदेशातली मराठी माणसे

दुबईत, जर्मनीत किंवा अमेरिकेत राहणाऱ्यांना मराठीतून बोलायचे असते, आणि ही मागणी खरी आहे. परंतु व्यक्ती जिथे बसली आहे तिथला कायदा लागू होऊ शकतो. अमेरिकेत परवाना राज्यवार असतो, आणि तिथल्या रहिवाशाला उपचार देण्यासाठी सहसा त्या राज्याचा परवाना लागतो. म्हणून असे काम स्वीकारण्यापूर्वी नियम तपासावेत आणि आपला व्यावसायिक विमाही पाहावा. तिथला संकटकालीन क्रमांक आधी लिहून घ्यावा : अमेरिकेत ९११, आणि मानसिक संकटासाठी ९८८, युरोपात ११२. अमिरातीत व्हॉट्सॲपचे कॉल चालत नाहीत, तेव्हा तिथे मान्य असलेले दुसरे ॲप ठरवावे लागते. न्यूयॉर्कमधील वेळेचे अंतर उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचे असते. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळे बदलतात त्या आठवड्यात वेळ दोन्ही देशांच्या घड्याळांनुसार लिहून पाठवावी.

आढावा आणि देखरेख

चार-पाच सत्रांनंतर विषय बाजूला ठेवून माध्यमाबद्दल विचारावे. “इथे बोलताना कोणत्या क्षणी मी दूर गेल्यासारखा वाटलो?” हा प्रश्न “सत्र कसं वाटतंय?” यापेक्षा उपयोगी आहे, कारण दुसऱ्याला “छान” एवढेच उत्तर मिळते. काहींना मध्येच प्रत्यक्ष भेटावेसे वाटते, काहींना व्हिडिओ सोडून फोनवर यावेसे वाटते. दोन्हींसाठी जागा ठेवावी, आणि प्रत्यक्ष भेटीसाठी तिच्या गावातल्या समुपदेशकाकडे पाठवावे लागले तर तीन-चार सत्रांत हळूहळू निरोप घेत पाठवावे.

रॉजर्स यांनी सत्रे ध्वनिमुद्रित करून तपासण्याची प्रथा पाडली, आणि १९४२ साली एका पूर्ण उपचाराचे शब्दशः लेखन प्रसिद्ध केले. आज एका बटणावर ध्वनिमुद्रण होते, म्हणूनच ते अधिक जपून करावे. वेगळी लेखी संमती घ्यावी, नकाराचा शुल्कावर वा वेळेवर परिणाम होणार नाही हे सांगावे, फाइल ॲपच्या क्लाउडवर न ठेवता कुलूपबंद उपकरणात ठेवावी आणि देखरेखीचे, म्हणजे ज्येष्ठ सहकाऱ्याकडून आपले काम तपासून घेण्याचे, काम संपताच पुसून टाकावी. ज्येष्ठ सहकाऱ्यासमोर ते ऐकताना मोजायचे ते एकच : आपण किती वेळा तिच्या शब्दांच्या जवळ होतो आणि किती वेळा आपल्याच शब्दांच्या. ज्या जागी आवाज तुटला होता ती जागा थांबवून पुन्हा ऐकावी, आणि त्यानंतर आपण काय बोललो ते टिपून ठेवावे.